नाव गिऱ्हाइकांनी आधीच ठेवले आहे

कराड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. वय 47. गेली नऊ वर्षे त्या उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला आणि एरवी थालीपिठाची भाजणी व मेतकूट करून ओळखीच्या लोकांना देतात. यंदा त्यांनी बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेतला आहे, मसाला कांडण्याचा स्वतःचा डंक बसवला आहे आणि दसऱ्याला दुकान उघडायचे ठरवले आहे. पाकिटे छापणारा आणि पाटी रंगवणारा असे दोघेही नाव मागत आहेत, आणि घरात नावावर एकमत होत नाही. यजमानांना कुलदैवताचे, म्हणजे ज्योतिबाचे नाव हवे आहे. पुण्यातल्या पुतण्याने एक इंग्रजी नाव सुचवले असून संकेतस्थळ, इन्स्टाग्रामचे खाते आणि नावाची नोंदणी असे सगळे स्वतःच्या नावावर करून देण्याची तयारी त्याने दाखवली आहे. अंकशास्त्र जाणणाऱ्या एका गृहस्थांनी, नाव कोणतेही ठेवा, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ए’ वाढवा, असे सांगितले आहे. स्वतः बाईंच्या मनात दिवंगत सासूबाईंचे नाव आहे, कारण मसाला त्यांनीच शिकवला. पण त्यावर मोठ्या जाऊबाई नाराज आहेत. त्या लिहितात, “नाव चुकले तर धंदा बसेल या भीतीने मला झोप लागत नाही.” पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे: “तसे नावावाचून आजवर काही अडले नाही, आमच्या दारात बकुळीचे जुने झाड आहे म्हणून लोक चिठ्ठीवर ‘बकुळीच्या घरची चटणी, दोन किलो’ असे लिहून पाठवतात. पण ते काही दुकानाचे नाव नव्हे.”

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या भीतीविषयी बोलू, कारण झोप उडालेली असताना कोणताही निर्णय नीट होत नाही.

नाव चुकले की धंदा बसतो, हे तुम्ही गृहीत धरले आहे. नऊ वर्षांत तुमचा मसाला नावामुळे खपलेला नाही, कारण त्याला नावच नव्हते. मिरची निवडून, देठ काढून, कडकडीत उन्हात वाळवून, कांदा-खोबरे नीट तळून तुम्ही तो केलात, आणि एका घरातून दुसऱ्या घरात तो आपोआप पोचला. गिरगावात सात बायकांनी 15 मार्च 1959 रोजी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा ‘लिज्जत’ हे नाव नव्हते. ते 1962 मध्ये आले, तेही स्पर्धेतून, आणि नाव सुचवणाऱ्या भगिनीला 5 रुपयांचे बक्षीस मिळाले. तोवर तीन वर्षे पापड लाटले आणि विकले जात होतेच. म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर नाव अगदी पक्के झाले नाही, तर दुकान उघडता येणार नाही असे समजू नका. नावाने धंद्याचे नशीब ठरत नाही. नावाचे काम त्याहून साधे असते, आणि ते साधे काम नीट झाले नाही तर मात्र त्रास होतो.

ते काम असे. एकदा मसाला नेलेल्या बाईला तो पुन्हा मागता यावा, शेजारणीला सांगता यावा, आणि सांगितल्यावर शेजारीण दुसऱ्याच कोणाच्या दारात जाऊ नये. या कामाला कोणते नाव उपयोगी पडते, एवढेच तपासायचे आहे. त्या दृष्टीने घरातल्या सगळ्या सूचना एकेक करून पाहू.

ज्योतिबाच्या नावामागची तुमच्या यजमानांची भावना मला समजते, आणि ती बाजूला सारावी असे मी म्हणणार नाही. परंतु वाडी रत्नागिरीच्या या देवाला मानणारी घरे तुमच्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात इतकी आहेत की त्याच नावाची किराणा दुकाने, रसवंत्या, हॉटेले आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकाने तुम्हाला एका बाजारपेठेतच दोन-तीन सापडतील. सर्वांच्या देवाचे नाव एकट्याचे करून घेता येत नाही. धर्मग्रंथांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये उदबत्तीच्या एका प्रकरणात ‘रामायण’ या शब्दावर कोणा एका विक्रेत्याला व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून हक्क सांगता येणार नाही, असा निकाल दिला आहे. शिवाय मसाल्याचे पाकीट रिकामे झाले की कचऱ्यात जाते, पायदळी येते. यजमानांशी बोलताना ही गोष्ट हळुवारपणे मांडून पाहा. भाविक माणसाला ती कायद्यापेक्षा लवकर पटते. देवाची जागा आपल्याकडे पूर्वापार ठरलेली आहे: पाटीच्या माथ्यावर ‘॥ श्री ज्योतिबा प्रसन्न ॥’ आणि गल्ल्यामागे तसबीर. तेथे तो मान अधिक चांगला राहील.

पुतण्याने सुचवलेल्या इंग्रजी नावामागे, शहरातल्या आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला मराठी नाव चालणार नाही, असे गृहीत धरलेले आहे. मला ते पटत नाही. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून कांदा-लसूण मसाला मागवणारा माणूस कोण असतो, याचा विचार करा. गावाकडची चव आठवणारा माणूसच तो मागवतो, आणि मसाल्याला गावाकडचे नाव असावे हे त्याला उलट हवेच असते. आणखी एक व्यवहाराची बाब आहे. आपल्या राज्यात दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. म्हणजे इंग्रजी नाव ठेवले तरी ते देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहावेच लागेल. तेव्हा पुतण्याने सुचवलेले नाव एका कागदावर देवनागरीत लिहा आणि बाजारला आलेल्या चार बायकांना वाचायला द्या. त्या अडखळल्या, तर ते नाव तुमच्या दुकानाचे नाही.

पण पुतण्याच्या बाबतीत नावापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने मला काळजीत टाकले आहे, आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सगळे ‘त्याच्या नावावर’ करून देण्याची त्याची तयारी आहे, असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. त्याचा हेतू चांगलाच असेल. परंतु व्यापारचिन्हाचा अर्ज ज्याच्या नावाने असतो, मालक तो ठरतो. संकेतस्थळाचा पत्ता ज्याने विकत घेतला, त्याच्याकडे तो राहतो. आणि इन्स्टाग्राम किंवा गूगल नकाशावरची दुकानाची नोंद ज्याच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेली असते, त्यालाच ती उघडता येते. नऊ उन्हाळे चुलीपुढे तुम्ही बसला आहात. उद्या पुतण्याची नोकरी बदलली, तो परदेशी गेला किंवा घरात वाटण्या झाल्या, तर आपल्याच मसाल्याचे नाव वापरायला तुम्हाला त्याची परवानगी मागावी लागेल. म्हणून त्याची मदत अवश्य घ्या, फॉर्म त्याला भरू द्या. पण अर्जदार म्हणून तुमचे नाव, क्रमांक तुमचा, ईमेल तुमचा आणि पासवर्ड तुमच्या वहीत. हे त्याला आधीच मोकळेपणाने सांगा. चांगल्या मनाचा मुलगा असेल तर त्याला राग येणार नाही. घरगुती उद्योग वाढवणाऱ्या अनेक भगिनी नेमक्या याच ठिकाणी गाफील राहतात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

अंकशास्त्राविषयी थोडक्यात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांची ती असो. परंतु वाढवलेल्या दोन ‘ए’मुळे फोनवर नाव शोधणाऱ्याला तुमचे दुकान सापडणार नाही, आणि प्रत्येक बिलावर, प्रत्येक पार्सलवर स्पेलिंग समजावून सांगण्यात तुमचा वेळ जाईल. शुभाशुभ पाहायचेच असेल तर दुकान उघडण्याची वेळ मुहूर्ताने ठरवा. त्यात कोणाचे काहीच बिघडत नाही.

आता सासूबाईंचे नाव. तुमच्या पत्रातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग हाच आहे. वडीलधाऱ्यांच्या नावाची आठवण जपून मोठे झालेले उद्योग आपल्याकडे आहेत. ‘विको’ या नावातले पहिले अक्षर संस्थापकांच्या वडिलांच्या, विष्णू या नावातून आलेले आहे. तरीही मी तुम्हाला दोन प्रश्न विचारीन. पहिला, मोठ्या जाऊबाई नाराज का आहेत? तुम्ही त्याला मत्सर समजला आहात. कदाचित त्यांचे म्हणणे एवढेच असेल की सासूबाई त्यांच्याही होत्या, आणि ते नाव एका दुकानावर लागले की बाकीच्या घराचा त्यांच्यावरचा हक्क कमी झाला असे वाटते. हे दुःख खरे असू शकते. दुसरा प्रश्न, सासूबाईंच्या पिढीत ते नाव किती जणींचे होते? तुम्ही कळवलेले नाव मी येथे छापत नाही, पण ते घरोघरी आढळणारे आहे, आणि त्या एका नावाने तुमचा मसाला वेगळा ओळखू येईल असे मला वाटत नाही. त्यांना मान द्यायचा तर पाकिटाच्या मागच्या बाजूस दोन ओळी छापा, की हा मसाला आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना शिकवला. ‘दोघी’ हा शब्द विसरू नका. मला वाटते, त्या एका शब्दाने जाऊबाईंशी अर्धे बोलणे होऊन जाईल.

तुम्ही न सुचवलेल्या पण पाटी रंगवणारा हमखास सुचवील अशा एका प्रकारच्या नावांविषयीही सांगते, कारण इतर वाचकांना त्याचा उपयोग होईल. ‘घरगुती’, ‘सुगरण’, ‘शुद्ध’, ‘स्वाद’, ‘अस्सल’, किंवा गावाचे नाव आणि पुढे ‘मसाले’. ही नावे ऐकताच कळतात, म्हणून सुरक्षित वाटतात. पण व्यापारचिन्ह कायदा, 1999, यानुसार मालाचे केवळ वर्णन, स्तुती किंवा ठिकाण सांगणाऱ्या शब्दांना सहसा नोंदणी मिळत नाही, कारण ते शब्द वापरण्याचा हक्क सगळ्याच विक्रेत्यांना आहे. खाद्यपदार्थांना आणखी एक अट आहे. 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ अशा अर्थाचे शब्द ब्रँडच्या नावात असतील आणि त्यांनी गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर हे केवळ नाव आहे, मालाचे खरे स्वरूप नव्हे, असा खुलासा पाकिटावर किमान 3 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावा लागतो. शुद्धतेसाठी राबलेल्या बाईने आपल्याच पाकिटावर तसे छापणे मला तरी सहन होणार नाही.

याउलट, नुसते वर्णन न करता सुचवणारे नाव मनात घर करते. पितळेची भांडी घासण्याच्या पावडरीला ‘पितांबरी’ म्हटले, तेव्हा त्या शब्दात पिवळी झळाळी आली, पण भांडी, पितळ, पावडर यांपैकी काहीच आले नाही. आणि ज्या शब्दाचा मालाशी काहीही संबंध नाही असा ओळखीचा शब्द तर कायद्याच्या दृष्टीने आणखी भक्कम असतो.

म्हणून आता बकुळीकडे येते. ‘ते काही दुकानाचे नाव नव्हे’ असे तुम्ही लिहिलेत. का नव्हे? चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईने तुम्हाला विचारले नाही, कोणा जाणकाराचा सल्ला घेतला नाही. तिला तुमचे घर आणि तुमचा मसाला इतरांपासून वेगळा सांगायचा होता, आणि त्यासाठी तिला दारातले झाड सापडले. नावाचे जे काम मी वर सांगितले, ते हा शब्द कित्येक वर्षे बिनबोभाट करतो आहे. तीन अक्षरांचा आहे, जोडाक्षर नाही, लहान मूलही म्हणते, आणि डंक चालू असताना गाळ्याबाहेरून कोणी मोठ्याने विचारले तरी ऐकू जाईल. मसाल्याशी बकुळीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध नाही, हेच त्याचे बळ आहे. आणि सुकल्यावरही वास न सोडणारे फूल म्हणून बकुळीला आपल्याकडे जो मान आहे, तो तुमच्या पाकिटाला आपसूक मिळेल.

त्या चिठ्ठीत आणखी एक शहाणपण आहे. तुमच्याकडे लोक ‘चटणी’ म्हणतात, पुण्या-मुंबईकडे त्याच पदार्थाला ‘मसाला’ म्हणतात, आणि तेथे चटणी म्हटले की दुसरेच काही समोर येते. म्हणून दुकानाचे नाव आणि पदार्थाचे नाव वेगळे ठेवा: वर मोठ्या अक्षरांत ‘बकुळ’ किंवा ‘बकुळीचे घर’, आणि खाली पदार्थ. म्हणजे उद्या भाजणी, मेतकूट, लोणचे असे काहीही वाढवले तरी नाव बदलावे लागणार नाही.

मात्र हा शब्द तुम्हाला मिळेलच असे मी म्हणत नाही. ते तपासावे लागेल, आणि ते छपाईच्या आधी. माझ्या एका नातलग बाईंनी पोळी-भाजी केंद्र काढले, तेव्हा नावाची कापडी पाटी आणि पाच हजार पिशव्या छापून झाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यावसायिकाच्या वकिलाची नोटीस आली. नाव तेच नव्हते, उच्चार मात्र जवळचा होता. शेवटी नवे नाव छापलेल्या चिकटपट्ट्या आणून आम्ही तिघी रात्री जेवणे झाल्यावर बैठकीत बसून एकेका पिशवीवर लावत होतो. तिसऱ्या रात्री त्यांच्या अंगठ्याची कातडी सोलली होती, आणि जुने नाव पट्टीखालून पुसट दिसतच होते. उच्चाराचे साम्य कायदा किती गांभीर्याने घेतो, याचे जुने उदाहरण म्हणजे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचे प्रकरण. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावांचे तुकडे न करता ती अखंड ऐकली, साधारण समजेच्या आणि अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाच्या कानाने ऐकली, आणि फसगत होण्याइतके साम्य आहे असे ठरवले.

तेव्हा या आठवड्यात पुतण्याला एवढेच काम सांगा. केंद्र सरकारच्या व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो. तेथे मसाले आणि पिठे ज्यात येतात तो 30 वा वर्ग पाहायचा, आणि लोणच्याचा विचार असेल तर 29 वा. नाव जसेच्या तसे शोधून थांबायचे नाही. बकुळ, बकुळा, बकुल आणि इंग्रजीतली त्याची जमतील ती स्पेलिंगे, सगळी शोधायची. त्यानंतर तेच शब्द गूगलवर आणि इन्स्टाग्रामवर पाहायचे, कारण नोंदणी न करताही आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. नुसते ‘बकुळ’ कोणी घेतलेले असेल, तर तुमच्या गावात चालत आलेली दुसरी एखादी खूण त्यात मिसळता येते का ते पाहा. पण दुसऱ्याच्या नावात एखादे अक्षर फिरवून आपले नाव करण्याच्या मोहात पडू नका.

वाट मोकळी दिसली तर अर्ज करा. व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे, आणि वकील किंवा एजंट केल्यास त्याचा मोबदला वेगळा. अर्ज तपासून झाल्यावर तो व्यापारचिन्हांच्या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध होतो, मग इतरांना हरकतीसाठी चार महिने मिळतात. म्हणजे दसऱ्याच्या आत नोंदणी हाती येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ ही खूण लावता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच, कारण आधी लावण्यास कायद्याने मनाई आहे. एकदा मिळालेली नोंदणी दहा वर्षे चालते आणि नंतर नूतनीकरण करता येते. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे, ती याच नावाने करा. अन्नसुरक्षा नोंदणीच्या अर्जातही दुकानाचे हेच नाव द्या आणि त्याच कागदांवर बँकेत दुकानाच्या नावाचे चालू खाते उघडा. सगळीकडे नाव एकाच स्पेलिंगने लिहिले जाईल याची काळजी घ्या; एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे झाले की बँकेत हेलपाटे पडतात.

पाकिटे छापणाऱ्याला सांगा की पहिल्या खेपेला नाव छापलेली पाकिटे नकोत. कोरी पाकिटे घ्या आणि वर चिकटवायची साधी दोनशे लेबले करून घ्या. पहिली दोनशे गिऱ्हाइके काय म्हणून मसाला मागतात ते कान देऊन ऐका आणि वहीत लिहा. त्यांनी ‘बकुळ’ म्हटले तर पुढची खेप छापून घ्या, आणि दुसरेच काही म्हणू लागली तर मला पुन्हा लिहा.

आणि जुन्या चिठ्ठ्या कुठे डब्यात, फडताळात पडलेल्या असतील, तर त्या टाकू नका. तारखा असतील तर फारच उत्तम. हे नाव तुमच्या मसाल्यासाठी किती वर्षांपासून चालत आले आहे असे कधी कोणी विचारले, तर त्याच उपयोगी पडतील. पुरावा म्हणून वकीलही आधी त्याच मागेल. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानाच्या कागदांबरोबर ठेवून द्या.